निर्मनुष्य म्हणे!

८ सप्टेंबर १९८६, सोमवार

निर्मनुष्य म्हणे! कधीच कुणी राहत नव्हतं म्हणे!

व्हिटेकरसाहेबांनी आज शालेय ॲटलासचं नवं पान माझ्या टेबलावर आणून ठेवलं. हिंदी महासागरातली छोटी बेटं. त्यात चागोस – मालदीवच्या खाली पाचशे किलोमीटरवर, प्रवाळाची साठेक बेटं. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी आमचा वेंगुर्ला तालुका कितीतरी मोठा! नकाशा मीच काढायचा आणि शेजारच्या चौकटीत चार ओळींचा भूगोल-इतिहासही मीच लिहायचा. वर साहेबांच्या अक्षरात टाचण – ‘कायमची वस्ती कधीच नव्हती, फक्त हंगामी मजूर. गावांची नावं, चर्च, दफनभूमी काढून टाकणे.’

काढून टाकणे? जुन्या चार्टवर ढळढळीत दिसतायत की!

९ सप्टेंबर

फाइलमध्ये विमानातून काढलेला जुना फोटो सापडला. भिंग लावलं आणि हसूच आलं. माडांच्या रांगा! सरळ, एकीला समांतर दुसरी. आमच्या बागेत बाबा दोरी धरायला लावून खड्डे खणून घ्यायचे – माडापासून माड पंचवीस फूट. आपोआप रुजलेला माड असा शिस्तीत उभा राहत नाही. नारळ पडेल तिथे उगवतो, एकाच जागी चार-पाच जण भांडत असतात. रांग आहे म्हणजे दोरी होती, आणि दोरीची दोन्ही टोकं कुणीतरी धरली होती.

शिवाय झाडांखालची जमीन साफ. म्हणजे रोज कुणीतरी झावळ्या ओढतंय, रान काढतंय. ऑफिसात अठरा माणसं आहेत, पण एकालाही हे दिसलं नसतं. माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या शेजारी वाढलेय मी. मला दिसलं.

साहेबांना दाखवलं. “इंटरेस्टिंग,” म्हणाले, आणि कॉफी आणायला गेले.

१३ सप्टेंबर, शनिवार

प्रतिमाकाकूंकडे गणपती. (इथे अमेरिकेत तोही शनिवार बघून बसतो.) सत्तावीस गाड्या, बेसमेंटमध्ये आरती, शिऱ्यात केळं जास्त. काकूंना बेटांचं सांगितलं. त्या ऐकतात तरी नीट. ऐकून म्हणाल्या, “अगं, आधी ग्रीन कार्ड हातात येऊ दे. मग काय क्रांती करायची ती कर.” त्यांची मालिनी, चौदा वर्षांची, सोफ्यावरूनच – “सो व्हॉट? इट्स लाइक, टेन कोकोनट ट्रीज!”

दहा? मोजून दाखवले असते, पण प्रसाद वाटायचा होता.

१७ सप्टेंबर

काम आटोपून लायब्ररी. दोन तास मायक्रोफिल्म. डोळे चुरचुरतायत, पण लिहून ठेवते, नाहीतर रागात विसरून जाईन.

सतराशे नव्वदच्या सुमाराला फ्रेंच मळेवाले आले. त्यांनी आफ्रिकेतून, मादागास्करहून गुलाम आणले, माड लावून घेतले. गुलामगिरी संपली तरी माणसं तिथेच राहिली. पुढे थोडे आपले दक्षिणेकडचेही गेले. खोबरं वाळवायचं, तेल काढायचं, वर्षातून काही वेळा मॉरिशसची बोट. चर्च, बाप्तिस्मे, लग्नं, स्वतःची क्रिओल बोली. १९६५ मध्ये ब्रिटिशांनी बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली – मॉरिशस स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी! पुढच्याच वर्षी अमेरिकेशी करार, सगळ्यांत मोठ्या दिएगो गार्सियावर लष्करी तळ. मग लोक नकोत. जे मॉरिशसला दवाखान्यासाठी गेले, त्यांना परत बोटीवर घेईनात. उरलेल्यांना १९७३ पर्यंत बोटीत घालून मॉरिशसकडे नेलं. जाण्याआधी त्यांची कुत्रीसुद्धा मारली.

आणि हे ‘हंगामी’! पाच पिढ्या हंगाम चालला होता होय? हंगामी माणूस मेला तर त्याला गावाकडे नेतात किंवा निदान गावाकडे कळवतात. पिढ्यान् पिढ्यांची दफनभूमी कोण बांधतं?

१९ सप्टेंबर

साहेबांशी बोलले. आवाज चढला – माझाच.

ते म्हणाले, आज त्या गावांत कुणी आहे का? मी म्हटलं, नाही. “देन?” मी म्हटलं, मग आज कुणी नाही असं लिहा. कधीच नव्हतं असं का लिहायचं?

त्यांनी उठून दार लावलं. आपली मोठी कामं लष्कराकडून येतात हे तुला ठाऊक आहे, हे पानही तपासायला तिकडेच जाणार, वगैरे. माणूस वाईट नाही. मुलाखतीत मला “पुण्याची भूगोलाची एम.ए. म्हणजे काय?” असं न विचारणारा हा एकटाच होता. म्हणून जास्त चीड येते.

पान पूर्ण झालं की काढणाऱ्याने खाली सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे – सर्व माहिती आधारांनुसार बरोबर आहे म्हणून. माझी सही ३ ऑक्टोबरपर्यंत हवी.

नाही करणार.

२१ सप्टेंबर, रविवार

शेखरशी भांडण. नवरोबांची पीएच.डी. अजून दोन वर्षं तरी, आणि नंतर इथे राहायचं तर सगळं माझ्या ग्रीन कार्डावर. अर्ज ऑफिसने केलाय. ऑफिसने काढून घेतला की संपलं. हे मला माहीत नाही असं त्याला वाटतं!

“यार सुनेत्रा, आपण बरं, आपलं काम बरं. कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?”

मी म्हटलं, लष्कराच्या भाकऱ्या तर साहेब भाजतोय, मी फक्त पीठ मळायला नकार देतेय. हसला नाही. नंतर म्हणाला, “आई-बाबांना काय सांगू? बेटांसाठी परत आलो म्हणून?” पण सही नाही करणार म्हणजे नाही.

२२ सप्टेंबर

शेखर अजून घुश्शात. भांडी मात्र घासून ठेवली.

२६ सप्टेंबर

वकिलाने पाठवलेली माझ्या अर्जाची प्रत काढून बसले होते. माझ्या व्हिसाचं नाव – ‘टेम्पररी वर्कर’. म्हणजे मीही हंगामीच की! चार वर्षं झाली. इथे माझं घर आहे, खिडकीत तुळस आहे (मरतुकडी का होईना), लायब्ररीचं कार्ड आहे. उद्या मला उचलून विमानात घातलं तर इथेही लिहितील, कुणी नव्हतं, एक हंगामी बाई होती.

त्यांच्याएवढं माझं काही जाणार नाही, हे कळतं मला. मला जायला वेंगुर्ला आहे. त्यांना तेच तर नाही!

३० सप्टेंबर

नकाशा पूर्ण. आमच्याकडे नारिंगी लेप दिलेल्या फिल्मवर सुईने खरवडून रेघ काढतात, आणि रेघ नको असली तर लेपाचा रंग ब्रशने लावून ती बुजवतात. साहेबांनी रंगाची बाटली आणि ब्रश माझ्या टेबलावर मुद्दाम ठेवला होता. बाटलीचं झाकणही उघडलं नाही. चर्चचा क्रॉस, दफनभूमी, गावांची नावं – सगळं खरवडलं. जरा जास्तच खोल खरवडलं गेलं बहुतेक.

चौकटीतल्या चार ओळी इंग्रजीत लिहिल्या, त्याचा मराठीत सारांश – ‘इथे सुमारे पावणेदोनशे वर्षं लोक राहत होते. त्यांनी माड लावले. १९६८ ते १९७३ या काळात त्यांना हलवण्यात आलं. ते जिवंत आहेत.’

शेवटचं वाक्य भूगोलात बसत नाही म्हणतील साहेब. बसेल!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सही केली – माझ्या पानावर. साहेबांच्या पानावर नाही.

ते माझ्या चार ओळी उभ्यानेच वाचत होते. “यू नो आय कान्ट प्रिंट धिस.” मी म्हटलं, ठाऊक आहे. म्हणाले, मग राजीनामा दे, बरं दिसेल. मी म्हटलं, मी कुठेही जाणार नाही. तुम्हीच काढा, आणि का काढलं ते लिहून द्या!

साहेबांना हवं तसं पान काढायचं काम एकनाथकडे गेलं. नागपूरचा मुलगा, माझ्यानंतर लागलेला. दुपारी येऊन म्हणाला, “ताई, माझी बायको यायचीय डिसेंबरात.” मी म्हटलं, कर बाबा. त्याच्यावर राग येत नाही. आणायचा प्रयत्न करून पाहिला.

माझ्या पानाची एक झेरॉक्स पर्समध्ये.

६ ऑक्टोबर

एका जुन्या बातमीत होतं – बेटांवरून हलवलेल्या बायकांनी मॉरिशसला समिती केली आहे, मोर्चे काढतात, उपोषणाला बसतात. पत्ता कुठेच नाही. म्हणून आपल्याकडे लिहितात तसा लिहिला – ‘चागोसच्या बायकांची समिती, पोर्ट लुई, मॉरिशस. पोस्टमन, कृपया विचारून पोचवणे.’ शेखर लिफाफा बघून पहिल्यांदा हसला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. “हे काय वेंगुर्ला वाटलं का तुला? कोण पोचवणार?” आत माझ्या नकाशाची झेरॉक्स, आणि चार ओळी – हे पुस्तकात छापलं जाणार नाही, पण मी काढलंय, तुमच्याकडे असावं. चूक असेल तर कळवा.

पोस्टात मात्र गाडी त्यानेच नेली.

१७ ऑक्टोबर

काढलं. लेखी कारण – ‘कामाचा अभाव’. ग्रीन कार्डाचा अर्ज मागे. आता मी शेखरच्या व्हिसावर डिपेंडंट. नोकरी करायची नाही. एम.ए., चार वर्षांचा अनुभव, आणि डिपेंडंट!

रडले. मग पोहे केले.

२ नोव्हेंबर

दिवाळी. काकूंचा फोन. “तुझ्याबद्दल सगळे विचारत होते, मी म्हटलं बरी आहे.” आणि ठेवता ठेवता हळूच – “बरं केलंस हो.” इतक्या हळू की काकांना ऐकू गेलं नसेल.

१२ डिसेंबर

ॲटलास दुकानात आला. उभ्यानेच पाहिला. निळ्या समुद्रात पुसट ठिपके. ‘कायमची वस्ती कधीच नव्हती.’ कागद चांगला आहे. किती शाळांत जाईल!

माझी काही चूक झाली असं वाटत नाही. पण आज पहिल्यांदा वाटलं, उपयोगही काही झाला नाही.

९ जानेवारी १९८७

मॉरिशसचं पाकीट! आत माझाच जुना लिफाफा, त्यावर चार वेगवेगळ्या हातांनी पत्ते खोडून लिहिलेले. त्यात माझीच झेरॉक्स – घड्यांवर फाटलेली, बोटांच्या तेलाने पारदर्शक झालेली, आणि दफनभूमीच्या आसपास, चर्चपासून किनाऱ्यापर्यंत, निळ्या बॉलपेनाने काढलेले बारीक चौकोन. प्रत्येकात एक नाव. जागा संपली म्हणून काही समुद्रात लिहिलेले. समितीसाठी कुणा शिक्षिकेने इंग्रजीत लिहिलेलं एकच वाक्य खाली –

‘चर्च बरोबर आहे, पण यात घरं मावत नाहीत, मोठा काढा.’