पन्नासच्या आधीचा कागद

१० जून, सोम.
भाऊचा सकाळीच फोन. सिलतऱ्याच्या कारखान्यात डबल ड्यूटी, सुट्टी मिळत नाही, "ताई, प्राचीच्या कागदाचं तूच पाय." म्हणजे मीच. लग्न नाही, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे घरातली सगळी सरकारी कामं आत्याच्या बोकांडी.

भाऊच्या पोरीचे मार्क चांगले आहेत, नर्सिंगला सीट लागेल. आतापर्यंत जातीचा कच्चा दाखला चालला, काउन्सेलिंगला पक्का हवा. पक्क्यासाठी एकोणीसशे पन्नासच्या आधीचा सरकारी कागद लागतो: तेव्हाही आपण इथलेच होतो, आणि जात अमुक. भाऊनं नि मी कधी काढलाच नाही. दोघांच्या खाजगी नोकऱ्या. शिवाय बाबा.

बाबांपुढे विषय काढला. पेपर खाली न करताच म्हणाले, "जे सोडलं त्याचा पुरावा काहून पायजे?"
संपला विषय.

१२ जून, बुध.
कलेक्टोरेट. रेकॉर्ड रूम मागच्या बाजूला, पंखा एकच, तोही बाबूच्या डोक्यावर. "मैडम, गाँव बताओ. खाली रायपुर बोलने से नहीं होगा."

गाव कुठलं? आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या लाइनीवर गँगमन म्हणून आले, इथंच राहिले, बाबा इथंच जन्मले. एवढीच माहिती. मी इतिहास शिकवते. पोरींकडून अकबराचा बाप, आजा, पणजा घोकून घेते. स्वतःच्या पणज्याचं नाव मला येत नाही.

अंदाजानं लाइनीकाठच्या दोन गावांच्या मिसली काढून घेतल्या. मिसल म्हणजे जुन्या जमीनमोजणीचं दप्तर. दुपारभर वाचल्या. आपलं कोणी नाही. बाबूनं विचारलं, "जमीन थी क्या आप लोगों की?" नव्हती. "फिर इसमें नाम काहे को होगा?"
हव. काहे को होगा.

१४ जून, शुक्र.
रात्री बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, नि कांदा. बाबा खुशीत होते म्हणून विचारलं, आजोबांजवळ रेल्वेचा एखादा कागद होता का?

"होता न. डब्यात होता."

डब्याची गोष्ट आम्हाला पाठ आहे. दरवर्षी दीक्षेच्या दिवशी ऐकतो. दीक्षा घेऊन आजोबा नागपूरहून आले, घरातले देव पत्र्याच्या डब्यात घातले, बाबांनी सायकलवर डबा नेला नि खारून नदीच्या पाण्यात सोडला. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे. गोष्टीत कागद कधीच नव्हते.

"जे जपून ठेवायचं ते सगळं त्याच डब्यात राहे. देव, रेल्वेचा कागद, क्वार्टरची चिठ्ठी. बापानं सांगितलं, उघडून नको पाहू, मागं वळून नको पाहू. मी नाही पाहिलं."

मला आधी हसू आलं, मग संताप. देव गेले ते बरंच झालं, पण बाबा, क्वार्टरच्या चिठ्ठीनं काय घोडं मारलं होतं? तोंडावर बोलले नाही. बाबांचा चेहरा पडला होता. आजवर ज्या गोष्टीची ऐट, तीत आज पहिल्यांदा खोट निघाली, आणि ती मी काढली. वाईट वाटलं.

१७ जून, सोम.
प्राची आली. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. "रहने दो न आत्या. जनरल में तो होगा नहीं. पंडरी में मम्मी की सहेली की दुकान है, साड़ी दिखाऊँगी." हसत बोलली. आतल्या खोलीत बाबा जागे होते हे तिलाही ठाऊक, मलाही.

ती गेल्यावर बाबांचं ताट तसंच. विचारलं तर, "भूक नाही."
मीही मनधरणी केली नाही. मलापण राग येतो.

२१ जून, शुक्र.
सकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होते. मागून बाबा, "माही एक शाळा होती."

मला वाटलं रायपूरची. तिथल्या दाखल्यावर बौद्ध लिहिलंय, तो नंतरचा, चालत नाही.

"ते नाही. त्याच्या आधीची. सिलतऱ्याच्या अलीकडं, लाइनीच्या बाजूचं गाव. दोन साल गेलो."

या शाळेचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. आम्हाला सांगितलेलं, बाबा हुशार, घरीच शिकले नि थेट तिसरीत बसले. मी हातातला पाइप तसाच धरून उभी, कूलर भरून वाहिला.

थोडं थोडं बोलले. मुलं आत, हे बाहेर परछीत. तिकडं व्हरांड्याला परछी म्हणतात. खिडकीतून जेवढा फळा दिसे तेवढं शिकायचं. गुरुजी हजेरीत नाव घेत नसत, जातीनं हाक मारत. तो शब्द बाबांनी सांगताना गाळला. आमच्या घरात तो कोणी उच्चारत नाही, मीही इथं लिहीत नाहीये, हे आत्ता ध्यानात आलं.

"पावसात पाटी भिजे. मग बापाले म्हटलं, मले नाही जायचं."
मग म्हणाले, "तिथं लिहिलं असन. पोट्टीले सांग."

एवढे दिवस मी पणज्याला शोधत होते, आणि पन्नासच्या आधीचा माणूस समोर बसून चहा पीत होता.

२२ जून, शनि.
भाऊला फोनवर सांगितलं. म्हणाला, "बाबांना नको नेऊ, ताई. तू एकटी जा." मीही तेच ठरवलं होतं. बाबांनी आतून ते ऐकलं. शाळा उघडली की येतो म्हणतात. या उन्हात, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. भांडून पाहिलं. उपयोग नाही.

२७ जून, गुरु.
गेलो. ऑटो ठरवून. गाव बाबांना ओळखू येईना, चहूकडं कारखान्यांची काळी धूळ. शाळा तीच, पत्रे नवे.

बड़ी मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, तरुण, बोलायला गोड. उन्हातून आलेला म्हातारा माणूस पाहून लगबगीनं खुर्ची परछीत मांडली. "बाबूजी, यहाँ बैठिए, हवा आती है."

बाबा उभेच. काठीवर दोन्ही हात.
"नहीं बेटी. मैं अंदर बैठूँगा."

तिला काय कळणार. "अंदर बहुत गरमी है, बाबूजी." तरी खुर्ची आत नेली. बाबा फळ्यासमोर बसले. घामानं शर्ट भिजला तरी उठले नाहीत.

जुनी दाखल-खारिज, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची वही, कपाटातून निघाली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधला मजकूर शाबूत. नाव सापडलं. मॅडम मोठ्यानं वाचत होत्या: नाव, वडिलांचं नाव, धंदा रेल्वे. पुढच्या रकान्यावर थांबल्या, माझ्याकडं पाहू लागल्या.

"पढ़ो बेटी, ज़ोर से," बाबा म्हणाले. मग स्वतःच, "महार. वही लिखा है न?"
"जी."
"हव. वही हैं हम."

बाबांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. खिडकीशी जाऊन रडले. परतताना बाबा ऑटोत झोपले, तोंड उघडं, अगदी निवांत.

२९ जून, शनि.
काल तहसीलला त्या पानाची नकल जमा केली. तिथला बाबू म्हणतो, पानाची कड गेलीय, गावाचा रकाना अर्धाच दिसतो, साहब मानेंगे तो मानेंगे. सोमवारी या. प्राची दोनदा फोन करून गेली, काही विचारत नाही, नुसती "खाना खाया?"

बाबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आपल्यासाठी एक झेरॉक्स मागून घेतली. मी म्हटलं, ठेवायला डबा देऊ का? हसले, खूप दिवसांनी. घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

"साहेबानं नाही म्हटलं त मले घेऊन जाय," म्हणाले. "मी सांगतो, मी कुठं बसत होतो."

सोमवारसाठी पांढरा शर्ट धुवायला टाकलाय. स्वतःच काढून दिला.