समुद्राचं लगेज

अण्णा,

काल बाजारातून तिसऱ्या आणल्या आणि दिवसभर तुम्हीच डोक्यात होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा माझंच वय जास्त आहे. तेव्हा थोडं फटकळ बोलले तर ऐकून घ्या. तुम्ही शुद्ध शाकाहारी, अंड्याच्या दुकानासमोरून जाताना श्वास धरून चालणारे, आणि तुमची आठवण मला यावी ती या शिंपल्यांवरून! पण याला जबाबदार तुम्हीच आहात.

दुष्काळाचं ते साल. घरात रेशनची तांबडी मिलो ज्वारी, नळाला दिवसाआड पाणी, आणि मी तुमच्याच कॉलेजात तुमच्याच वर्गात बी.एस्सी.ला. तुम्ही पेपर तपासायला मुंबईला गेला होतात आणि मी तुम्हाला आणायला नगरच्या माळीवाड्याच्या स्टँडवर उभी आहे. एसटीच्या टपावरून पत्र्याचे दोन मोठे डबे उतरतात, तोंडं झाळून बंद केलेले, आत डुबुक डुबुक पाणी. मागून एक ओलं गोणपाट उतरतं. पाण्याचा आवाज ऐकून स्टँडवरच्या बायका वळून बघतात. कडेवर पोर असलेली एक बाई पुढे येते.

"दादा, वाईच पानी द्या की. लेकरू कवाधरनं रडतंय."

तुम्ही ओशाळून म्हणता, "बाई, हे पिण्याचं नाही. खारं आहे."

"अगं बया! ह्या असल्या दुस्काळात खारं पानी आनलं? आन ते बी मुंबैहून?"

तुम्ही समजावून सांगायला तोंड उघडता, पण कंडक्टर तुमच्या आधी बोलतो. "मावशी, ते पानी न्हाई, समुद्र हाय समुद्र. म्या त्येचं लगेज फाडलंय. कल्यानपस्नं इचार करतोय, समुद्राला हाफ लावायचं का फुल."

सगळं स्टँड हसलं. तुम्हीही हसलात, आणि प्रवासासाठी नेलेल्या फिरकीच्या तांब्यात उरलं होतं ते पाणी त्या पोराला पाजलंत. टांग्यात बसल्यावर मी विचारलं, हे सगळं कशासाठी, तर तुम्ही घर येईपर्यंत बोलत होता. उसावर मारलेलं किडीचं औषध ओढ्यात जातं, ओढ्यातून प्रवरेत, प्रवरेतून गोदावरीत आणि शेवटी समुद्रात. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटून बसतं. त्या गाळात, तुम्ही गोणपाटात आणल्या होत्यात तशा, तिसऱ्या तोंड उघडून बसलेल्या असतात. पाणी आत ओढायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि पाणी बाहेर सोडायचं, हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग. पाणी निघून जातं, पण औषध त्यांच्या अंगातल्या चरबीत मुरतं, रश्श्यातलं तिखट जसं तर्रीत उतरतं तसं. थोडं थोडं करत गाळात आहे त्याच्या कितीतरी पट शिंपल्यात साठतं. हेच तुम्हाला प्रयोग करून दाखवायचं होतं. कॉलेजातले तुमचे सहकारी म्हणायचे, नगरच्या मास्तराला समुद्राची काय पंचाईत? प्रवरेतलेच शिंपले घेतले असते तुम्ही, पण त्या वर्षी प्रवरेतच पाणी नव्हतं.

आता घरातलं सांगते, कारण ते तुम्हाला कधी नीट कळलं असं मला वाटत नाही. आई अलिबागकडची. तुमच्याशी लग्न करून नगरला आली आणि मासळीला मुकली. तुम्ही कधी मनाई केली नव्हती, पण नगरात ताजी तिसरी मिळायची कुठून? त्या दिवशी दारात गोणपाट ठेवलंत आणि आतून शिंपल्यांचा खुळखुळ आवाज झाला, तशी आई स्वयंपाकघरातून अक्षरशः धावत आली. तिने गोणपाटाला नाक लावलं. डोळे मिटून वास घेतला. मग आत गेली, सणासाठी जपून ठेवलेला नारळ फोडला आणि खवायला बसली. तुम्ही हातपाय धुऊन आत आलात आणि म्हणालात, "अगं, त्या खायच्या नाहीत. प्रयोगाच्या आहेत."

आईची विळी थांबली. "सगळ्या?"

"सगळ्या."

तो नारळ बटाट्याच्या रश्श्यात गेला. तुम्ही दोनदा मागून घेतलात आणि आज रस्सा फक्कड झालाय असंही म्हणालात. अण्णा, तुम्ही एवढे हुशार, पण त्या दिवशी तुमचा मला भयंकर राग आला होता.

मग मोरी तुमची झाली. एका घमेल्यात स्वच्छ वाळू, दुसऱ्यात देवळाली प्रवराच्या आटत्या ओढ्यातला गाळ, जिथे फवारणीचे पंप धुतात तिथला. दोन्हींत समुद्राचं पाणी आणि तिसऱ्या. शिंपल्यांना हवा मिळावी म्हणून मी सायकलच्या पंपाने पाण्यात बुडबुडे सोडायचे. आंघोळी अंगणात, चादर बांधून. मशीन वगैरे कॉलेजात नव्हतंच, त्यामुळे विषाची परीक्षा घरमाशांवर होणार होती. शिंपल्याचा गर बरणीत ठेवायचा, माशा सोडायच्या आणि मरतात का बघायचं. आईने आठवडाभर हे सगळं सोसलं. मग एका संध्याकाळी तुम्ही वाचत बसला होता तेव्हा तिने विचारलं, "उरतील त्या मी करू का?" तुम्ही म्हणालात, "हं."

तुमचं ते "हं" आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं होतं. घराला आग लागली असं सांगितलं तरी तुम्ही वाचता वाचता "हं" म्हणाला असता. पण आईने ते खरं धरलं. तिच्या माहेरची रीत अशी की तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातली वाळू ओकून टाकतात. तिने दोन्ही घमेल्यांतल्या तिसऱ्या काढल्या, घासून धुतल्या आणि एकाच बादलीत एकत्र ठेवल्या. सकाळी बादलीच्या तळाला मातीचा थर. ती कौतुकाने म्हणाली, "बघा तरी, किती घाण ओकल्यात! आता तुमच्यासुद्धा स्वच्छ झाल्या."

तुम्ही तिला जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते. माती ओकतील, औषध ओकणार नाहीत, ते मांसात गेलंय, आता यातली विषारी कुठली आणि चांगली कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, असं तुम्ही ओरडत स्वयंपाकघरात गेलात. पाट्यावर वाटण तयार होतं. आदल्या दिवशी दुसरा नारळ कुठून तरी मिळवून, भाजून, बारीक वाटलेलं. आई पाटा धुवायला घेत होती.

"राहू दे ते," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "चौकात जा. माशा आण. आणि काचेचे ग्लास, मिळतील तेवढे."

चौकातल्या हॉटेलवाल्याकडे दोन्हींचा साठा होता. त्याने विचारलं, "पाव्हनं आल्यात व्हय घरी?" मी म्हटलं, "नाही, माशांवर घालायचेत." त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "तुमी सरांच्या न्हवं? न्या की मग. माशा फुकाट, ग्लास मातुर परत द्या."

ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. आई विळीवर एकेक तिसरी फोडते, तुम्ही चिमट्याने गराचा कण काढता आणि मी तो ग्लासाखाली ठेवून माशी कोंडते. ग्लास संपले तेव्हा बरण्या, बरण्या संपल्या तेव्हा कंदिलाच्या काचा. प्रत्येक माशीशेजारी तिची तिसरी. माशी मेली तर ती विषारी, जगली तर आईची. आई पदराने वारा घेत म्हणते, "आमच्याकडे माशी बसू नये म्हणून झाकण ठेवतात." तासाभरात माशा धडाधड उलथ्या पडायला लागल्या. तुम्ही विसरून गेलात की प्रयोग बिघडला होता. "रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवूनही!" असं म्हणत तुम्ही घरभर नाचलात. धुऊन विष जात नाही हे आईच्या बादलीने सिद्ध केलं होतं.

ज्यांच्या माशा जिवंत राहिल्या त्या ओंजळभर तिसऱ्या आईने रांधल्या. ताट वाढलं. ती पहिला घास उचलणार तेवढ्यात तुम्ही तिचा हात धरलात.

"थांब."

"आता काय? माशा जिवंत आहेत ना?"

"माशांचं खरं आहे. पण तू माशी नाहीस." आणि अण्णा, तुम्ही तिच्या ताटातली सगळ्यात मोठी तिसरी उचललीत, डोळे मिटलेत आणि तोंडात टाकलीत.

आई किंचाळली. "अहो, थुंका ते! थुंका! मला नकोत तिसऱ्या!"

तुम्ही रबर चघळावं तशी ती चघळलीत आणि गिळलीत. घटघट पाणी प्यायलात. मग घड्याळ समोर ठेवून भिंतीला टेकून बसलात. आई तुमच्यासमोर बसली. पूर्ण तासभर तिने तुमच्यावरची नजर काढली नाही. मध्येच कपाळाला हात लावून बघायची, मध्येच विचारायची, "मळमळतंय का?" तुम्ही म्हणायचात, "मळमळतंय, पण ते आधीपासूनच." शेवटी तुम्ही मान हलवलीत, आणि आईने गार झालेलं ताट पुढे ओढलं. खाताना ती रडत होती. एकही शिंपला तिने तुम्हाला परत दाखवला नाही, सगळं एकटीने संपवलं.

आता मी समुद्राकाठच्या गावात राहते. इथल्या खाडीत काय काय सोडतात ते ठाऊक आहे, त्यामुळे काल पहिली तिसरी मी खाल्ली आणि घरातल्यांना तासभर थांबवलं. दर वेळी थांबवते. नातवंडं ओरडतात, हे, म्हणजे तुमचे जावई, समोर बसून माझ्याकडे बघत राहतात आणि मध्येच विचारतात, "बरं वाटतंय ना?" मी मान हलवते आणि आणखी थोडा वेळ काढते.

हे पत्र पोस्टात टाकण्यासारखं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. अण्णा, मला तिसऱ्या मुळीच आवडत नाहीत.