तळ्याकाठच्या पायपम्माची हकिकत

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

ती. स्व. गुंडोअण्णांच्या चरणी धाकट्या शरदचा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि सुखदावहिनींना वेगळा नमस्कार (एकाच नमस्कारात दोघांना उरकलेले त्यांना चालत नाही, हे मी विसरलेलो नाही).

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? हिरण्यकेशीच्या काठी ओल्या दगडावर तासन्‌तास गळ टाकून बसणाऱ्याचा गुडघा दुखायचाच, पण डॉक्टरांना तुम्ही जिन्याचे कारण सांगितलेत असे कळले, आणि आपल्या घराला जिना नाही. महानंदा बरी आहे. गौरी-गणपतीला तुम्ही येऊन गेल्यापासून तिचा जांभळ्या लोकरीचा गुंडा सापडत नाही, त्यामुळे माझा स्वेटर एका बाहीवर अडला आहे. चुकून तुमच्या सामानात आला असल्यास कळवावे. एरवी सारे ठीक.

आता मुख्य हकिकत. आमच्या सोसायटीमागचे तळे तुम्हाला आठवत असेलच (तुम्ही रोज पहाटे ‘नुसती हवा खायला’ जात होतात तेच). तिथे पायऱ्यांजवळ एक पक्षी उभा असायचा. पुस्तकात त्याला वंचक म्हणतात, आपल्याकडे ढोकरी. मातीच्या रंगाचा, मान खांद्यात घातलेला, हलायचे नाव नाही, आणि समोरच्याची चूक होण्याची वाट बघत बसलेला. साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात जन्म घालवलेल्या माणसाला असा चेहरा लांबूनही ओळखू येतो. मी त्याचे नाव ऑडिटर ठेवले होते. तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ऑडिटर जागेवर नव्हता. तो पलीकडच्या सुबाभळीच्या फांदीला उलटा लटकत होता. कोणीतरी टाकून दिलेला गळाचा नायलॉनी तंगूस त्याच्या पायाला आणि एका पंखाला गुंडाळला होता, आणि टोकाला गळ.

मी आणि शेजारचे कृष्णमूर्ती (टेलिफोन खात्यातून निवृत्त, बारा महिने माकडटोपी घालतात, चैत्रातही) धावलो. कृष्णमूर्तींनी पक्ष्यावर टाकायला म्हणून टॉवेल फेकला, तो पाण्यात गेला. छत्रीच्या मुठीने फांदी ओढली, ती छत्रीसकट परत गेली. शेवटी मी चिखलात उतरलो आणि नखे कापायच्या यंत्राने तंगूस कापू लागलो. हे यंत्र महानंदा माझ्या खिशात सक्तीने ठेवते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचे म्हणणे पटले. ऑडिटरने कृतज्ञता म्हणून माझ्या चष्म्यावर दोनदा चोच मारली. मग तो सुटला आणि एक पाय लोंबकळता ठेवून पांढरेशुभ्र पंख पसरून निघून गेला. मागे राहिलेला गळ कृष्णमूर्तींच्या टोपीत रुतला, तंगुसाचे दुसरे टोक माझ्या जुन्या स्वेटरच्या बटणांत गुंतले, आणि गडबडीत नखांचे यंत्र तळ्याला अर्पण झाले. टोपी काढा म्हटले तर ते तयार होईनात (सर्दी होते). त्यामुळे आम्ही दोघे हातभर अंतरावर एकमेकांना बांधलेले, असे घरापर्यंत चालत आलो. गेटवरच्या वॉचमनने ही कसली शर्यत आहे आणि आम्ही कितवे आलो अशी चौकशी केली. महानंदाने दार उघडले, आम्हा दोघांकडे नीट पाहिले आणि आत जाऊन उप्पिटात रवा वाढवला.

गळ सुटल्यावर मी तो जपून ठेवला. त्याविषयी खाली लिहीनच.

अण्णा, खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. पुढे रोज तळ्यावर गेलो की आधी त्या पायरीकडे बघायचो, आणि पायरी रिकामी असायची. हे पुन्हा होऊ द्यायचे नाही म्हणून आम्ही दोघांनी काठावर एक पीव्हीसीचा जाडजूड पाइप उभा केला. वर वाकडे तोंड, खाली उघडायचे झाकण. जुना तंगूस आणि गळ काठावर न टाकता इथे टाकावेत, अशी पाटी कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लावली. लोकांनी पाटी वाचली आणि पाइपात चहाचे कागदी कप टाकले. केळीची साल टाकली. एकाने बिघडलेले घड्याळ टाकले. तंगूस मात्र काठावरच.

एवढ्यात आयुधपूजा आली. इकडची आयुधपूजा तुम्ही पाहिलेली नाही. त्या दिवशी बेंगळुरात जे जे म्हणून काम करते त्या सगळ्याला हळदकुंकू लागते. गाड्या, लिफ्ट, पाण्याचा पंप, वॉचमनची शिट्टी. महानंदा म्हणाली, तुमचा तो पाइप एवढा उन्हात उभा असतो, त्याला तेवढे नको का? मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे (तुम्हाला ठाऊक आहे, मुंजीतसुद्धा मी शंका विचारल्या होत्या), पण पंपाला मिळते आणि पाइपाला नाही हा अन्याय मलाही बरा वाटेना. मी गंध लावले, झेंडूचा हार घातला, समोर कोहळा फोडला आणि घरी येऊन जेवलो. चूक झाली ती एवढीच, की हार काढायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी पाइपावर ताजा हार होता. तो आमचा नव्हता. तिसऱ्या दिवशी उदबत्त्या. मग म्हणे यशवंतपूरच्या एका माणसाने गंमत म्हणून आपला गुंतलेला तंगूस पाइपात टाकला आणि त्याला लगेच हा एवढा कटला मासा लागला. झाले. आठ दिवसांत काठावरच्या सगळ्या गळवाल्यांची ती पायपम्मा झाली. मी तिथे उभा राहून भाषण केले, की बाबांनो, हा सांडपाण्याचा पाइप आहे, दुकानात फुटावर मिळतो. एका गृहस्थाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सरी सार. स्वल्प बाजूला सरका, प्रदक्षिणा घालायची आहे.”

खरा प्रसंग पुढे. पाइप भरला म्हणून एका सकाळी मी खालचे झाकण उघडून कोपरापर्यंत हात घातला होता, तेवढ्यात भक्तमंडळी आली. देवीच्या पोटात हात घातलेला माणूस म्हणजे चोर, याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हते. बाह्या सरसावल्या गेल्या. माझी कन्नड ऐन वेळी दगा देते, आणि कृष्णमूर्तींनी टोपी खाली ओढून एकच वाक्य उच्चारले: “हे पुजारी आहेत.”

तेव्हापासून मी पुजारी आहे. आधी मी संतापलो, पण मग लक्षात आले की जे पाटीला जमले नाही ते पुजाऱ्याला जमते. मी सांगून टाकले, देवीला कागदी कप चालत नाहीत. गळ बुचात टोचूनच अर्पण करावा. शिशाच्या गोळ्या वेगळ्या पुडीत. स्वतःचा तंगूस दिला तर साधे पुण्य, दुसऱ्याने टाकलेला झुडपांतून शोधून आणला तर दुप्पट. पाखराच्या पायात ज्याचा तंगूस अडकेल त्याच्या गळाला जन्मभर फक्त चपला लागतील. अण्णा, आज त्या काठावर तुम्हाला वीतभर तंगूस सापडणार नाही. मोठमोठी माणसे लुंगी खोचून झुडपांत ओणवी असतात. विज्ञानाचा असा विजय मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिलेला नाही.

असो. संक्रांतीला तुम्ही उभयता येणार हे वाचून आनंद झाला. वहिनींना म्हणावे, धपाटे चालतील. पत्र लांबले, उणेअधिक पदरात घ्यावे.

तुमचा,
शरच्चंद्र

ता. क. त्या ऑडिटरच्या गळाविषयी लिहायचे राहिले. गळाच्या मानेला जांभळ्या लोकरीचे गोंडे बांधलेले होते, माशाला अळी वाटावी असे. ही युक्ती अख्ख्या कर्नाटकात एकच माणूस करतो आणि ती आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. महानंदाने लोकर ताबडतोब ओळखली. मी भक्तमंडळींना अजून काही बोललेलो नाही. तुम्ही येताना गळांची ती पत्र्याची पेटी पूर्ण घेऊन यावी आणि पायपम्माला तिच्या पुजाऱ्यादेखत अर्पण करावी.

ता. क. २. आपल्या देवघरातली पितळी घंटाही आणावी. मला नको आहे. भक्तांचा आग्रह आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता तळ्यावरून कृष्णमूर्तींचा फोन आला, म्हणून मी धावत जाऊन आलो. ऑडिटर परतला आहे. थोडा लंगडतो, पण उभा आहे, आणि पायरीवर नाही, थेट पायपम्माच्या डोक्यावर. गळवाल्यांनी त्याला देवीचे वाहन म्हणून हात जोडले. मीही जोडले, डोळे भरून आले होते, नाकारत नाही. तुम्ही आलात की तुम्हीही जोडा. मात्र माझ्या स्वेटरची उरलेली लोकर पिशवीत झाकून आणा, त्याची नजर फार बारीक आहे.