उच्चार सुधारेपर्यंत

२ जून
पोचले बाई एकदाची! इथली भाषा पक्की व्हावी म्हणून कॉलेजने लावलेली तीन महिन्यांची इंटर्नशिप, तीही परदेशात, दातांच्या दवाखान्यात. खाली दवाखाना, वर डॉक्टर आणि त्यांच्या बायकोचं घर. मला त्यांच्या मुलीची खोली दिलीय. दोन वर्षांपूर्वी वारली ती, माझ्याच वयाची. बाईंनी तिचे कपडे इस्त्री करून कपाटात ठेवलेत. म्हणाल्या, संकोच करू नकोस, तुला होतील. काम सोपं आहे : पेशंटची नावं लिहायची, अवजारं स्वच्छ करून ट्रेमध्ये लावायची आणि दिवसभर त्यांचीच भाषा बोलायची. दादा म्हणाला होता, तिकडे तोंडाला कुलूप लावून बसू नकोस. बसते कसली! आज एका आजोबांशी दहा मिनिटं गप्पा ठोकल्या. त्यांना काय कळलं देव जाणे, पण हसले.

९ जून
जेवताना डॉक्टर माझी एकेक चूक दुरुस्त करतात. सवय मोडावी म्हणून फोन ठेवून घेतलाय, रविवारी देणार. पासपोर्टही नोंदणीसाठी त्यांच्याकडेच. बाईंनी मुलीच्या आवाजाची रेकॉर्डिंग ऐकवली. अगदी तसंच बोलायचं. तिचा 'स' जरा फुसफुसतो, पुढच्या दातांत फट होती म्हणे. मला जमेना, तर बाई रडायलाच लागल्या. मलाच कसंतरी झालं.

१७ जून
रविवार गेला. फोन नाही.
डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, तोंडात आरसा फिरवला. म्हणाले, चूक तुझी नाही, दात आडवा येतोय. मला वाटलं, गंमत करतायत. बाईंनी मागून हात धरले. इंजेक्शन नाही. बधिर तोंडातून उच्चार कळत नाही, म्हणाले.
पुढचा दात गेला.

२० जून
'स' जमला. शाबासकी मिळाली.
कॉलेजचे सर पाहणीला आले. डॉक्टर बाहेर गेले तेवढ्यात मी हात जोडून सगळं सांगितलं, इथल्याच भाषेत, एकही चूक न करता. सर म्हणाले, वा, काय ओघ आलाय! दाताची रिकामी जागा दाखवली. म्हणाले, हो, डॉक्टरांनी कळवलंय, जिन्यावरून पडलीस ना? घरची आठवण सगळ्यांनाच येते. मुदत सहा महिन्यांनी वाढवून गेले.

२६ जून
आणखी दोन. आता उच्चारासाठी नाही. पकड लागली की मी 'आई गं' ओरडते, ते चालत नाही. डॉक्टर म्हणतात, दुखल्यावर तोंडातून येते तीच खरी भाषा. बाई शेजारी स्टुलावर बसून असतात. त्यांच्या भाषेतल्या 'आई'च्या हाकेची वाट बघत.

२८ जून
बाहेरून कडी. आज दाढ. ओठ चावून धरले होते, तरी 'आई गं' —

३० जून
मारली हाक. त्यांच्या भाषेत. बाईंकडे बघून. त्यांनी पोटाशी धरलं, ढसाढसा रडल्या, म्हणाल्या, आली गं माझी पोर. आता सोडतील. वर पाठवलंय, पडायला —

डॉक्टरांचा आवाज. खालून. एकदा चुकूनही येतं तोंडातून, म्हणतायत. परत बघायला हवं. बाई हो म्हणाल्या. ट्रे लावायला तिलाच बोलाव, म्हणतायत. जिन्यावर बाईंची पावलं — कडी काढतायत —