खिडकीत ठेवलेला तांब्या

आई, तुझा पाण्याचा तांब्या मी उचलून खिडकीत ठेवला होता, त्याची खरी किंमत परवा मांडून बघितली. पैसा एकही नाही. तुझं गणपतीचे डोळे आखायचं काम गेलं, जोहे गावी मावशीकडचं लग्न चुकलं, आणि पेणहून रोह्याला माझं दुकान बघायला तू कधी आलीच नाहीस. "एवढा वेळ एसटीत कशी बसू रे," म्हणायचीस. मला वाटायचं, बहाणा.

पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात नियम होता, एका बैठकीत दोन्ही डोळे. मध्ये उठलं की नजर जुळत नाही. मी तेव्हा पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा तारेनं भरायच्या दुकानात नुकता लागलेलो, दुपारी डबा खायला तुझ्याकडे यायचो. तू एक डोळा आखतेस, ओठ दाबतेस, कुंचला ठेवून लघवीला उठतेस. शेठ ओरडतो, "बाई, देवाला काणा ठेवून कुठं निघालात?" सगळे हसतात. मला लाज वाटते. मी तांब्या उचलतो. "काम होईपर्यंत पाणी पिऊ नको गो आई." तू म्हणतेस, "व्हय, नाय पित." मग तुझं उठणं कमी झालं आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, आईचं दुखणं मी बरं केलं. पुढच्या वर्षी तू आखणी सोडून मूर्ती घासायच्या कामाला बसलीस. "डोळ्यांना दिसत नाय आता," म्हणालीस. सुईत दोरा मात्र स्वतःच ओवायचीस.

आता दुकान माझं आहे, मागेच घर. नागोठण्यापासून लोक फोन लावतात, पंपाचा आवाज ऐकवतात, आणि मी बसल्या जागी सांगतो बेअरिंग गेलंय की वायंडिंग. माझ्या कानातून काही सुटत नाही.

आणि आता तुझ्या सुनेला हे दुखणं. वर्षभर जंतूंवरच्या गोळ्या झाल्या, रिपोर्ट दर वेळी स्वच्छ. "रिपोर्टात काही नाही, मग दुखतं कशाला?" असं मीही म्हणालोय. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "भरत आलं की दुखतं, आणि जाऊन आलं की जरा उतरतं, असं का?" ती रडायलाच लागली. बाई म्हणाल्या, मूत्राशयाचं जुनाट दुखणं दिसतंय, जंतू नसतानाही होतं. एका तपासणीत ते सापडत नाही. बाकीचे आजार वगळत जायचं आणि माणसाचं ऐकायचं. "पाणी तोडलंय का? तोडू नका. लघवी घट्ट झाली की आणखी झोंबते." मी खुर्चीतून उठलो, वर पंख्याकडे बघत राहिलो. "अहो, बसा ना," ही म्हणाली, "इथला पंखा तुम्हाला कुणी दाखवलेला नाही." बाई हसल्या, मग विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही."

तुझंही हेच होतं का गो? आता कुणाला विचारू? तेव्हापासून बूड टेकत नाही. हे लिहितानाही तीनदा उठलोय.

दिवसातून किती वेळा जावं लागतं, हे बाईंनी हिला विचारलं होतं. हिच्याआधी मीच बोललो, "सात-आठ." त्यांनी तीन दिवस नोंद ठेवायला कागद दिला. काल तो भरला: बावीस, चोवीस, एकवीस.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पुढच्या खेपेला बाईंना तुझं सांगेन. तांब्याचं सांगवेल की नाही, ठाऊक नाही.

दुकानात मी बसतो त्या बाकड्यामागच्या भिंतीला लागूनच संडासाचं दार आहे. कडी लोखंडी आहे, चांगली वाजते.