बिनभाड्याचे पाच भाडेकरू

प्रिय बाबा,

आज मंगळवार, आठ एप्रिल, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून, भाड्याच्या घरांसाठी काढलेल्या आपल्या पेजवर कालच्या फोटोखाली कोणी काय लिहिलंय ते वहीत उतरवत होतो. ते अर्ध्यावर ठेवून हे पत्र लिहायला घेतलं. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही दोनदा ‘बरं’ म्हणता आणि ताईच्या हातात देऊन मोकळे होता.

इकडे सगळं ठीक आहे. ताईकडे राहायला निघालात तेव्हा पायरीवर उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, “फोटो बघून कोण घर घेतं? घर नळ सोडून बघायचं असतं.” आणि एप्रिलअखेरपर्यंत तिसरा मजला भाड्याने गेला नाही, तर चावी दलालाला द्यायची, हेही. जन्मभर नळजोडणी केलेला माणूस दुसरं काय बोलणार, असं म्हणून मी सोडून दिलं. पण ते डोक्यातून जाईना. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा नळ पूर्ण सोडून बादली भरेपर्यंतचा व्हिडिओ पेजवर टाकला. एक मिनिट आठ सेकंद, नुसती बादली. आजवर तोच सगळ्यांत जास्त पाहिला गेलाय. दलालाने मुद्दाम थांबवून विचारलं, घर भाड्याने देतोस की पाणी विकतोस? महिन्याच्या भाड्याएवढी दलाली बुडाली, तर माणूस बोलणारच.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघतो. पेजचंही तसंच. सकाळी एकदा, दुपारी एकदा, कोण काय बोललं ते बघायचं. तक्रार असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती करून तिचा फोटो टाकायचा. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी ‘बेल बंद आहे’ असं चारचौघांत लिहिलं, तेव्हा मी भरल्या ताटावरून उठून गेलो आणि दार ठोठावलं. मास्तर दार उघडून म्हणाले, अरे, बेल नाही का वाजवायची? बेल आता नवीन आहे. मास्तर तेच आहेत.

पण वाईट लिहिलेलं तपासणारा मी, चांगलं लिहिलेलं कधी तपासलंच नाही. मार्चमध्ये पाच जणांनी आपल्याला पाच-पाच तारे दिले. बँकेतल्या एक बाई, एक निवृत्त जवान, एक नवविवाहित जोडपं, एक चित्रकार आणि एक ‘समाधानी भाडेकरू’. मी इतका हुरळलो की आपली घरं चारच आहेत, हेसुद्धा लक्षात आलं नाही.

गेल्या शुक्रवारी एका नर्सबाईंचा निरोप आला. अभिप्राय वाचून घर आवडलं, दोन मुलं घेऊन एकटीच येणार आहे, तर त्या बँकेतल्या बाईंचा नंबर द्या, एकदा विचारून घेते. मी रजिस्टर काढलं. बँकेतल्या बाई आपल्याकडे कधी राहिल्याच नाहीत. जवानही नाही. खोटे अभिप्राय म्हणजे पेज बंद, गिऱ्हाईक गेलं, आणि दलाल गावभर दवंडी पिटणार ती वेगळीच. मग मी पाचही अभिप्राय ओळीने वाचले. बँकेतल्या बाईंना पाइपांना दिलेला उतार आवडला होता. जवानाने लिहिलं होतं, सांध्यातून थेंब गळत नाही. जोडपं तर बाथरूमच्या निचऱ्यावर खूश होतं. बाबा, नुकतं लग्न झालेली माणसं निचऱ्याबद्दल लिहीत नाहीत. आणि चित्रकाराच्या फोटोत ताईचं मांजर आहे.

उत्तर चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. पाचव्यांदा खरं तेच लिहिलं. ते पाचही जण माझे वडील आहेत, हे घर त्यांनी बांधलं, त्यांना राहवलं नाही. पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवला.

रविवारी त्या आल्या. माझ्याशी न बोलता घरातला एकेक नळ सोडून धारेखाली हात धरला. मग हात पुसत म्हणाल्या, “तुमच्या वडिलांनी नावं खोटी लिहिली, बाकी काही खोटं लिहिलं नाही.” डिपॉझिट देऊन गेल्या. एक तारखेला राहायला येतील. चावी दलालाकडे जात नाही.

तेव्हा ते पाचही अभिप्राय आजच काढून टाका, कसे ते ताई दाखवेल. पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. त्या समाधानी भाडेकरूने पाण्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याने लिहिलंय, ‘मुलगा नववीपर्यंतच शिकला, पण कामाला चोख. असा मुलगा मिळायला नशीब लागतं.’ मी शाळा सोडली तेव्हापासून तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोलता. हे वाक्य पेजवरून जाईल, गेलंच पाहिजे. मी ते वहीत उतरवून घेतलं, पण माझ्या अक्षरात ते मीच माझ्याबद्दल लिहिल्यासारखं दिसतं. ते तेवढं तुमच्या अक्षरात, खाली तुमचं नाव घालून, एका कार्डावर लिहून पाठवा.

तुमचाच,
धाकटा

खर्च : मास्तरांची बेल ३४०, बादली १५०, या पत्राचं तिकीट ५. एकूण ४९५.
येणं : वरील पाच भाडेकरूंचं मार्चचं भाडं. कार्ड पोचलं की माफ.