तळहातावरचे ठोके

माय,

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची तुझी लाकडी नळी चुलीत सारली होती. कडेने धूर निघाला, लाकूड तडकलं, आणि मी हात घालून ती बाहेर ओढली. बोटं पोळली. नळीची कान टेकायची कड जळाली आहे. पाणी ओतलं. आता ती ओट्यावर ओली पडली आहे आणि मी पोळलेल्या हाताने तुला लिहिते आहे.

तू गेलीस त्याला महिना होत आला. तेव्हा लिहावंसं वाटलं नाही. आज दुपारी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, म्हणून लिहिते.

त्या नागपूरहून चामोर्शीच्या दवाखान्यात आल्या तेव्हा आपलं गाव हसलं होतं. बाळाच्या काळजाचा अभ्यास! कळा चालू असताना पोटातल्या बाळाचं काळीज कसं चालतं, हे त्यांना पाहायचं होतं. कळ आली की ठोके मंदावतात, ओसरली की पूर्वीसारखे होतात. ज्याचे व्हायला उशीर लागतो ते बाळ थकलेलं असतं, असा त्यांचा अंदाज होता. खात्री करायची होती. एकाच माणसाने ऐकायचं आणि घड्याळही पाहायचं, तर मोजणी चुकते. म्हणून तू, दवाखान्याची सुईण, पोटावर टेकवलेल्या नळीला कान लावायचीस आणि ठोका ऐकू येईल तसं त्यांच्या तळहातावर बोट मारायचीस. त्या घड्याळाकडे पाहत मोजायच्या. दोघी एक शब्द बोलत नसत.

मग बायकाच मागू लागल्या. "मले बी दे ना तो ठोका, बाई." तू देऊ लागलीस. जंगलातल्या गावांतून पोटुशी बायका तेवढ्यासाठी चालत यायच्या. एक पोर तळहात मिटून हसत सुटली होती, आठवतं? "माहा पोरगा ढोल वाजवून राह्यला!" तू म्हणालीस, "वाजवू दे. बाहेर आल्यावर तुलेच नाचवते तो."

मागच्या खेपेला मलाही दिलेस. मार्कंड्याच्या जत्रेआधी मी तुझ्याकडे आले. "माय, हालत नाई वं." तू नळी लावलीस. जागा बदललीस. पुन्हा बदललीस. मग माझा हात ओढून घेतलास आणि बोट पडू लागलं.

"शेवटी शेवटी जागा नाई राहत त्याले, शेवंते. निजून राह्यला. लबाड आहे."

तो हात मी घरी येईपर्यंत मिटून ठेवला होता.

आज डॉक्टरीणबाईंना चहा दिला आणि सहज विचारलं, "माझं बाळ तुमच्या अभ्यासात धरलंत का? कळांमध्येच गेलं ते. त्याआधी ठोके नीट होते. मायने मला दिले होते."

त्यांनी कप खाली ठेवला.

"ते बाळ कळांत गेलं नाही, शेवंताबाई."

"मग?"

"जत्रेच्या आधीच. तुम्हाला तपासलं त्याच दिवशी तुमची आई माझ्याकडे आली. मी नेहमीसारखा हात पुढे केला. तिनं बोट टेकवलं आणि उचललंच नाही."

त्यांना वाटत होतं, तू मला केव्हाच सांगितलं असशील. मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही बोललात? दुसऱ्या दिवशी त्या आपल्या नळीने मला तपासून गेल्या होत्या, आठवतं? त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं. कळा येण्याची वाट पाहणं एवढाच उपाय होता, म्हणाल्या. आणि तू त्यांना दारात अडवलं होतंस. "आता तिच्या कानावर नोका घालू, बाई. पोटुशीले वाईट बोल नाई ऐकवत आमच्यात. भेदरली त सुटका जड जाते. मोकळी झाली का मीच सांगीन."

मीच सांगीन! कधी सांगणार होतीस?

नणंद चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबलेले मला दिसले.

"कौसा, तुले ठाऊक होतं?"

"होय, वहिनी."

"आन् तुह्या भावाले?"

"त्याले बी."

"मी टोपडं शिवत होती तवा सुई कोण ओवून देत होतं?"

"मीच." ती रडू लागली. "तुही माय म्हणे, शिवू द्या तिले."

म्हणजे घरात मी एकटीच होते, माय. बाकी सगळे एका बाजूला होते आणि फार प्रेमाने वागत होते. ते प्रेम मी आजवर आठवत आले. त्याचं आता काय करू?

जत्रेत तू माझ्या शेजारी उभी होतीस. मी हात जोडून मोठ्याने म्हणाले, देवा, सुखरूप सोडव, लेकराला तुझ्या पायावर घालायला आणीन. तू ऐकलंस. माझा पदर सावरलास. खाली वैनगंगेच्या वाळूत बसवून मला शेव घेऊन दिलीस. "खा. दोन जिवांची आहेस." हे शब्द तुझ्या तोंडातून कसे निघाले गं?

सुटका होईपर्यंत गप्प राहिलीस, ते एकवेळ समजते. चाल आहे. पण नंतर? मी बाजेवर पडून विचारत होते, मी जोर कमी केला का? मधेच दम सोडला म्हणून गुदमरलं का? तू माझ्या केसांना तेल लावत होतीस. "नाई," म्हणालीस. एवढंच. नुसतं ते 'नाई' मी कसं मानणार होते? तेव्हा कोणाचे कान राखत होतीस? माझं पोट तर रिकामं होतं.

तेव्हापासून मी माझ्या श्वासाला दोष देत आले. तू रोज यायचीस, पाहायचीस आणि परत जायचीस.

आणखी एक विचारते. ते ठोके कोणाचे होते? डॉक्टरीणबाई म्हणतात, नवशिक्यांना आईचीच नाडी ऐकू येते आणि तीच त्यांना बाळाची वाटते. तू नवशिकी नव्हतीस. मग कुठून आणलेस? आता आठवतं, ते फार एकसारखे पडत होते. खरं बाळ मधेच धावतं, मधेच रेंगाळतं. त्या ढोलवाल्या पोरीला दिलेस ते तरी खरे होते का? मला आता तेही ठाऊक नाही.

मला पुन्हा दिवस गेले आहेत, हे तुला माहीत होतं. शेवटच्या तापात तू माझा हात मागितलास. नळी धरायची ताकद नव्हती. तळहातावर बोट ठेवलंस आणि तसंच ठेवून दिलंस. मला वाटलं, गळाठलीस. काही सांगत होतीस का?

सकाळपासून पोटात हालचाल नाही. डॉक्टरीणबाईंना तसं म्हणाले. त्यांनी लगेच पिशवीतून नळी काढली. मी नको म्हणाले. "तुम्ही ऐकून काय सांगाल, ते मी कसं मानू?" त्या रागावल्या नाहीत. परदेशात पोटावर तारा लावून बाळाच्या काळजाची रेघ कागदावर उमटवायची खटपट चालू आहे, म्हणाल्या. इकडे चांद्याच्या जंगलात ती रेघ कधी येणार? इथे माणसाचं बोटच आहे. जाताना म्हणाल्या, "उद्या तरी या."

त्या गेल्यावर मी तुझी नळी चुलीत घातली.

बाहेर काढली ती तुझ्या मायेने नाही. ती मला लागणार आहे. एका बोटावर मी पुन्हा विश्वास ठेवणार नाही. डावा हात डॉक्टरीणबाईंना देईन, उजवा कौसाला. दोघींच्या कानाला एकेक नळी. एकीला दुसरीचं बोट दिसू नये म्हणून मधे लुगडं धरायला लावीन. न पाहता, न बोलता दोघींना एकच खोटं ठोकता येणार नाही.

आणि बोटं स्थिर राहिली, तर तशीच राहू देईन. हात ओढून घेणार नाही. हे तुला वचन देते. ते तुझ्याकडून मला हवं होतं.

तुझ्यावर रागावलेली,
शेवंता

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी गाडी जुंपली. चामोर्शीला मी दोन्ही तळहात पुढे केले. डॉक्टरीणबाईंनी कौसाला तुझी जळकी नळी टेकायची जागा दाखवली आणि दोघींच्या मधे लुगडं धरायला लावलं. कौसाला बराच वेळ काही सापडलं नाही. डाव्या हातावर बोट पडत होतं, ते मी मोजलं नाही. मग उजव्या हातावर पडू लागलं. दोन्ही बोटं एकदम पडत होती. मधे एकदा धावली, तीही एकदमच. माझी स्वतःची नाडी वेगळ्याच चालीने चालली होती. घरी येईपर्यंत कौसाच्या कानाला काजळी होती.